बाबांची भरलेली पिशवी

सर्व आप्तेष्टांस, खाडीच्या अलीकडच्या व पलीकडच्या मंडळींस, मुंबईला गेलेल्या चुलतभावांस, आखातात गेलेल्या भाचरांस आणि कुठेच न जाता वाडीत बसून आम्हा गेलेल्यांना नावं ठेवणाऱ्या समस्त जाणकारांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आमचे तीर्थरूप श्री. जगन्नाथ, वय वर्षे चौऱ्याऐंशी, ज्यांनी हयातभर समुद्राकडे पाठ करून जेवणसुद्धा घेतलं नाही, ते गेल्या पौषात घाट चढले. चढताना तीनदा गाडी थांबवावी लागली. तिन्ही वेळा त्यांनी रस्त्याच्या कडेला ओकून रिकामं होऊन रस्ता बांधणाऱ्याच्या बापाचा उद्धार केला. सध्या मुक्काम तासगावजवळ, लेकीच्या म्हणजे माझ्या घरी. ही बातमी खरी आहे. ज्यांनी पैजा लावल्या होत्या त्यांनी आपापसात मिटवून घ्यावं.

निघतानाचा देखावा तुमच्यापैकी निम्म्यांनी पाहिला आहे, पण मी माझ्या पद्धतीने सांगणार. पावसाळ्यात बाबा अंगणात घसरून पडले आणि शेजारची पार्वती काकू दुपारी आमटी घेऊन आली तोवर तिथेच पडून राहिले. तिने विचारलं, "हाक मारूची नाय?" तर म्हणाले, "तुझी झोप मोडली असती." हे फोनवर ऐकलं त्या दिवशी मी ठरवलं, आता यांना एकटं ठेवायचं नाही. पण ठरवणं माझं आणि पाय त्यांचे. सहा महिने मी फोनवर रडले, रागावले, एकदा तर छातीत दुखतंय असं खोटंही बोलले. शेवटी जीप घेऊन दारातच उभी राहिले.

बाबांनी कुलूप लावलं. काढलं. आत जाऊन आईच्या फोटोला काहीतरी सांगून आले. परत लावलं. वाळूवर पालथ्या घातलेल्या आपल्या होडीला दोन थापा मारल्या, बैलाला माराव्या तशा. मग जीपमध्ये बसले आणि मांडीवर एक पिशवी घेतली. पिशवीत दोन सदरे, दोन लुंग्या, जाळं विणायची बांबूची सुई, दोऱ्याचा गुंडा आणि एक काथ्याची चीज, जिच्याबद्दल पुढे येईलच. म्हणाले, "तुझो बेदाणो सुकासर रवतंय. मगे माका सोड."

म्हणजे बेदाणा सुकेपर्यंत. एवढीच मुदत.

आता तुम्हाला माझं निघणं आठवत असेल. एकतीस वर्षं झाली. आमचे हे तेव्हा आपल्या शाळेत मास्तर म्हणून दोन वर्षं होते आणि आपल्या पुढच्या खोलीत भाड्याने राहत होते. त्या दोन वर्षांत त्यांनी किती मुलांना गणित शिकवलं ते माहीत नाही, पण मला घेऊन गेले हे नक्की. निघताना आई रडली नाही. तिने एकच गोष्ट सांगितली. "पयल्याच दिवशी पिशी रिकामी कर. भरलेली पिशी बघून घरच्यांका वाटता, ह्यां चेडू जातलां." म्हणजे, ही मुलगी परत जाणार. मी इथे पोचले, चहा यायच्या आत पिशवी उपसली आणि पातळं कुणाच्या तरी कपाटात कोंबली. ते कपाट सासूबाईंचं होतं.

सासूबाईंना इकडे आत्याबाई म्हणतात. आमच्या आत्याबाई माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, घरात कांदा जपून, मासळीचं नावही नाही. आणि सून कुठली, तर जिच्या केसांना जन्मतः मोरी माशाच्या कालवणाचा वास. पहिल्या वर्षी मी अशी सुकले की आमच्या शेडमध्ये ठेवली असती तर सहज बेदाण्यात खपले असते.

शेड म्हणजे काय ते कोकणवाल्यांना सांगायला हवं. द्राक्षाचे घड औषधाच्या पाण्यात बुडवायचे आणि लांबच लांब मांडवात एकावर एक ताणलेल्या जाळ्यांवर पसरायचे. दहा-बारा थर असतात. खालून वरून वारा खेळतो आणि पंधरवड्यात द्राक्षाचा बेदाणा होतो. त्याला हिरवा-पिवळा रंग राहावा म्हणून गंधकाची धुरी देतात. त्या धुरीपुढे जगातला कुठलाही वास टिकत नाही. ही गोष्ट माझ्या फार लवकर लक्षात आली. मग बाबांकडून एसटीने पार्सल येऊ लागलं. वर 'आमसुलं' असं लिहिलेलं, आत वर आमसुलं आणि खाली सुके बोंबील. मी ते शेडमध्ये गंधकाच्या डब्याशेजारी ठेवायची आणि तिथेच चुलीवर भाजून खायची. दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं. तिसऱ्या वर्षी आत्याबाई भाकरी थापता थापता, वर न बघता म्हणाल्या, "शालन, तुज्या बाच्या आमसुलाला काटं असत्यात व्हय गं?"

पुढे काहीच बोलल्या नाहीत. पार्सल येत राहिलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं की या बाईचं पाणी खोल आहे.

त्यांची आणखी एक खोड सांगते, ती लक्षात ठेवा. कुणी खाकी कपड्यातला माणूस दारात आला की आत्याबाई असतील तिथे खाली बसतात. मीटर बघणारा असो, पोस्टमन असो. उभ्या असतील तर बसतात आणि तो जाईपर्यंत उठत नाहीत. एकदा भर अंगणात, ओल्या शेणसड्यावर बसल्या. आम्हाला वाटायचं गुडघे. डॉक्टरला दाखवलं, त्याने तेल दिलं. तेल चोळूनही खाकी दिसली की बसणं चालूच.

तर बाबा आले आणि त्यांनी पिशवी दाराजवळच्या खुंटीला टांगली. रिकामी केली नाही. सकाळी तिच्यातून सदरा काढायचा, रात्री धुतलेला घडी करून परत तिच्यातच. मी कपाटाचा एक खण मोकळा करून दिला होता, त्यात त्यांनी फक्त चष्म्याचं घर ठेवलं. येता-जाता ती पिशवी माझ्या डोळ्यांत खुपायची. एक दिवस मी त्यांना आईची आठवण करून दिली, तर म्हणाले, "तां तुका सांगितलां तिनं. माका नाय."

आत्याबाई त्यांच्याशी वागायच्या मर्यादेने. "पावनं, च्या घ्या." "पावनं, ऊन लागंल." एवढंच. बाबा म्हणायचे, "होय, विहीणबाई." दोन म्हातारी माणसं एकाच ओसरीवर बसून एकमेकांच्या बोलण्यातलं निम्मं समजत नसल्यासारखी. एकाला वारा हवा, दुसरीला वाऱ्याने धूळ येते म्हणून दार बंद हवं. बाबा दिवसातून चारदा पश्चिमेकडे बघायचे. तिकडे आमची विहीर आणि पाण्याची टाकी. मग विचारायचे, "बेदाणो कधी घालतास?"

हंगामाआधी शेडच्या जाळ्या तपासताना उंदरांनी कुरतडलेली मोठमोठी भोकं निघाली. हे म्हणाले, नव्या आणू. बाबा पुढे झाले, जाळीला हात लावला, बोटांत घेऊन ओढून बघितली आणि घरात गेले. येताना सुई आणि गुंडा घेऊन आले. आल्यापासून पहिल्यांदा पिशवीतून कपड्यांशिवाय काहीतरी बाहेर आलं होतं. मी यांच्या पायावर पाय दिला. हे म्हणाले, "नव्या नकोत. बाबा करतील."

मंडळी, तीन दिवस माझा बाप असा बसला होता की तुम्ही बघायला हवं होतं. पायाच्या अंगठ्यात जाळी अडकवलेली, पाठ खांबाला, सुई अशी पळतेय की दिसत नाही. तुम्हाला आठवतं ना, आपल्याकडे भोकाचं माप घ्यायला बांबूची पट्टी असते? ती त्यांनी कधीच सोडली. डाव्या हाताची दोन बोटं मध्ये धरायची आणि गाठ मारायची. साठ-सत्तर वर्षं तीच दोन बोटं. शेडमध्ये निवडायला येणाऱ्या बायका कामं सोडून भोवती बसल्या. त्यांची म्होरकी सकूमावशी. जिभेला हाड नाही, पण मनाने सोन्यासारखी. ती म्हणाली, "आजोबा, लय भारी! आमच्या नवऱ्याला बी शिकवा, बसून खातंय नुसतं."

आणि मग बाबांना कंठ फुटला. महिनाभर 'होय' आणि 'नाय' यांवर काढलेला माणूस बोलायला लागला. पिशवीतली ती काथ्याची चीज आणून त्यांनी बायकांना दाखवली. वीतभर उंचीचा, खाली बंद आणि वर तोंड असलेला जाळीचा पिशवीसारखा अंगरखा. "ह्यां काय, सांगा?" कुणी म्हणालं तांब्याचं, कुणी म्हणालं नारळाचं. बाबा म्हणाले, "बाटलेचां."

तिकडच्यांना ही गोष्ट पाठ आहे, पण घाटावर ती त्या दिवशी पहिल्यांदा सांगितली गेली. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज होते आणि आपल्याकडे दारूबंदी. आमचे आजोबा, म्हणजे बाबांचे वडील, होडीतून मासळी आणायचे आणि मासळीखालून फेणी. बाटल्या आणणं अवघड नव्हतं, पण बाटल्या बोलतात. दोन बाटल्या शेजारी ठेवल्या की किणकिण. नाक्यावरचा फौजदार कानाने तिखट. तेव्हा सतरा-अठरा वर्षांच्या बाबांनी डोकं चालवलं आणि प्रत्येक बाटलीला काथ्याचा अंगरखा विणायला घेतला. ओला करून चढवायचा, सुकला की घट्ट बसतो. लोकांना वाटतं असली कामं अंधारात चालत. बाबा म्हणायचे, अंधारात गेलेल्याला पकडतात; आजी भर उन्हात डोक्यावर सुक्या मासळीची पाटी घेऊन नाका ओलांडायची. एकदा फौजदाराने पाटी उतरवायला लावली आणि बुटाने चांगली हलवली. काही वाजलं नाही. फौजदार म्हणाला, "सुकं मासं?" आजी म्हणाली, "होय सायबानू. एक वाटो काढू?" फौजदाराने खरंच एक वाटा घेतला.

"मी एक बाटली उचलून नेवक नाय," बाबा बायकांना सांगत होते. "मी नुसते आंगरखे विणलंय."

बायका हसून लोळल्या. मी मात्र सगळ्यांना द्राक्षाच्या वेलीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली की यातलं अक्षर आत्याबाईंच्या कानावर जाता कामा नये. कारण सख्ख्या भाच्याच्या तोंडाला दारूचा वास येतो म्हणून या बाईने त्याच्याच हळदीतून त्याला हाकलून दिलं होतं. नवरदेवाला! हळद उरकली ती त्याला विहिरीवर बुचकळून आणल्यावर.

घड पसरले. जाळी ताठ, गाठी घट्ट. बाबा रोज सकाळी शेडमधून फेरी मारून यायचे, ताठ मानेने, आपल्या होडीवर जायचे तसे. मी मनात म्हणाले, झालं. आता पिशवी रिकामी होणार.

दहाव्या दिवशी सकाळी सकूमावशीची हाक आली, "वैनी, पळा! पाऊस पडतुया!"

आभाळात ढग नव्हता. शेडमध्ये मात्र पाऊस होता. बाबांनी विणलेल्या प्रत्येक ठिगळातून बेदाणा खाली गळत होता. वरच्या थरातून खालच्या थरात, तिथल्या ठिगळातून त्याच्या खालच्या थरात, आणि शेवटी मातीत. तुमच्या लक्षात आलं का? ओला घड फुगीर असतो, दोन बोटांच्या भोकातून तो पडत नाही. सुकून बारीक झाला की पडतो. बाबांच्या बोटांनी बांगड्याचं जाळं विणलं होतं. आपल्याकडे ते तसंच विणायचं असतं, मोठा अडकायचा आणि बारका सुटून जायचा, म्हणजे पुढच्या वर्षीही मासळी मिळते. आमच्या वाडीत पोरांना हे चालायच्या आधी कळतं. पण बेदाण्याला पुढच्या वर्षी मोठं व्हायचं नसतं.

बाबा आले. मातीतला हिरवा सडा बघितला. दोन बोटं एका भोकात घातली, बाहेर काढली आणि बोटांकडेच बघत राहिले. म्हणाले, "बारको सुटाक व्हयो म्हणान..."

हे म्हणाले, "बाबा, असू दे, धुऊन घेऊ." मीही काहीतरी म्हणाले. सगळं ठीक झालं असतं, पण सकूमावशीला गप्प बसून कुणाचं दुःख बघवत नाही. तिला वाटलं, चेष्टा केली की म्हातारा हसेल. ती मोठ्याने म्हणाली, "आजोबा, आवं द्राक्षाला जाळी इनायची सोडून दारूच्या बाटलीची इनली जनू!"

आणि मागे वळून बघते तर शेडच्या दारात आत्याबाई.

"कसली बाटली?" आत्याबाई म्हणाल्या.

सकूमावशीने तोंडावर पदर घेतला. शेवटी बाबाच म्हणाले, सरळ, मान वर करून. "बंदीच्या वेळची, विहीणबाई. आमच्या घरात फेणी येयत. बाटल्यांची जाळी मी विणी."

आत्याबाईंनी माळेला हात लावला आणि घरात निघून गेल्या. मी हजार वेळा त्यांच्या रागाला तोंड दिलंय, पण ते गप्प निघून जाणं मला सहन होईना. बाबांनी मला विचारलं, "बेदाणो झालो मगे?" मी म्हणाले, अजून चार दिवस आहेत. म्हणाले, "माझो झालो." यांच्याकडून त्यांनी कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याचा नंबर कधी घेऊन ठेवला होता देव जाणे. स्वतःच फोन केला. खुंटीवरची पिशवी काढली, खणातलं चष्म्याचं घर तिच्यात टाकलं, अंगणात आले, तुळशीजवळ पिशवी पायाशी ठेवली आणि वाकून चपला घालू लागले.

मी उंबऱ्यावर उभी होते. पार्वती काकूची आमटी आठवत होती. पडलेला माणूस जो हाक मारत नाही, त्याला मी पुन्हा त्या अंगणात कशी सोडू? पण अडवू कशी? माझ्या शब्दाला या घरात एकतीस वर्षांनी वजन आलंय, पण हे घर शेवटी आत्याबाईंचं. त्यांनी नुसतं "ऱ्हावा" म्हटलं असतं तर. त्या आतून बाहेर आल्या होत्या आणि तुळशीजवळ उभ्या होत्या.

तेवढ्यात रिक्षा आली. रिक्षावाला उतरला, अंगणात आला आणि म्हणाला, "आजोबा, चला, स्टँडवर ना?"

त्याच्या अंगात खाकी शर्ट होता.

आत्याबाई खाली बसल्या. धप्पकन. आणि बसल्या त्या बाबांच्या पिशवीवर.

बाबा एक चप्पल पायात आणि एक हातात घेऊन उभे. रिक्षावाला उभा. सकूमावशी आणि शेडमधल्या सगळ्या बायका कुंपणाला लागून. मी म्हणाले, "आत्याबाई, उठा, पिशवी..." त्या माझ्याकडे बघेनात. त्या रिक्षावाल्याच्या शर्टाकडे बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न बघितलेलं काहीतरी होतं, पंधरा वर्षांच्या नव्या नवरीचं. मग त्या बोलल्या.

पण थांबा. त्या काय बोलल्या ते शेवटी सांगते, कारण त्यानंतर काही सांगण्यात राम नाही.

तुम्ही फोनवर विचारता, "तुझं घर आता कुठलं गो?" वाडीत आले की म्हणता मी 'लय' बोलते, घाटी झाले. इथे मी 'माका' म्हटलं की पोरं हसतात. पूर्वी मला वाईट वाटायचं. आईने सांगितल्याप्रमाणे मी पिशवी पहिल्याच दिवशी रिकामी केली, पण मनातली एक लहान पिशवी एकतीस वर्षं खुंटीलाच होती. आमसुलाखालचे बोंबील हे तिच्यातलंच सामान. मला वाटायचं, ते लपवायला हवं. आपल्या माणसांचं काय काय लपवत आले मी! आणि माझ्या आधी या घरात आलेली एक बाई साठ वर्षं तेच करत होती. पाहुण्याला घरचा करायचं असेल तर आपलंही काहीतरी त्याच्यासमोर उघडं करावं लागतं, हे ती मला शिकवणार होती, तेही पिशवीवर बसून. माझं घर आता ते, जिथे मला आमसुलं वर ठेवावी लागत नाहीत.

बाबा इथेच आहेत. पडलेला बेदाणा आम्ही सगळ्यांनी बसून धुतला, त्यात आत्याबाईही होत्या. पुढच्या हंगामासाठी बाबा आत्तापासून जाळी विणतायत, एका बोटाने. अर्धं बोट हवं असं हे म्हणतात, त्यावर वाद चालू आहे. काथ्याच्या अंगरख्यात आत्याबाईंची तेलाची बाटली राहते, गुडघ्यांची. पिशवी सकूमावशी बाजाराला घेऊन जाते. वाडीतल्या घराची चावी पार्वती काकूकडे आहे. होडीखाली कोंबड्या शिरल्या असतील तर हाकला.

आणि आता, तुळशीसमोर, खाकी शर्टाच्या साक्षीने, चाळीस वर्षांची माळ गळ्यात घालून, सगळ्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात आमच्या आत्याबाई जे बोलल्या ते, जसंच्या तसं:

"बंदीच्या टायमाला सासऱ्यानं पुरल्याल्या दारूच्या मडक्यावर बसून म्या दोन पायल्या जोंधळं दळलं, फौजदाराला मला उठवता आलं न्हाई, आता ह्या पिशवीवरनं मला कोन उठवतंय ते बगतेच!"